वंध्यत्व उपचारांतील परिचर्या

वंध्यत्व उपचारांतील परिचर्या म्हणजे गर्भधारणेसाठी वैद्यकीय उपचार घेणाऱ्या स्त्रीची परिचारिकांनी घेतलेली शुश्रूषा आणि तिला व तिच्या जोडीदाराला दिलेले आरोग्यशिक्षण होय. स्त्रीरोग व प्रसूती परिचर्येची ही तुलनेने नवी उपशाखा आहे. तिचा विकास मुख्यतः १९७८ नंतर, म्हणजे शरीरबाह्य फलनाचे (आयव्हीएफ) तंत्र यशस्वी झाल्यानंतर झाला. काही आजारांत औषधोपचार रुग्णालयात होतात आणि रुग्ण ते स्वीकारतो. वंध्यत्व उपचारांत मात्र औषधाचा मोठा भाग स्त्री स्वतःच्या घरी, स्वतःच्या हाताने, घड्याळ पाहून घेते. त्यामुळे येथे रुग्णशिक्षण हा उपचाराचाच एक भाग ठरतो. एका इंजेक्शनाची वेळ चुकली तर संपूर्ण महिन्याचा उपचार वाया जाऊ शकतो.

## व्याख्या व व्याप्ती

बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ नियमित व असुरक्षित (गर्भनिरोधकाविना) शरीरसंबंध ठेवूनही गर्भधारणा न होणे, अशी वंध्यत्वाची व्याख्या जागतिक आरोग्य संघटना करते. स्त्रीचे वय ३५ पेक्षा अधिक असल्यास सहा महिन्यांनंतरच तपासणी सुरू करण्याची प्रथा आहे. संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे साधारणपणे सहापैकी एका व्यक्तीला, आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो.

कारणांचा विचार करता जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषातील दोष हे एकमेव किंवा सहायक कारण असते. काही जोडप्यांत दोघांच्याही तपासण्या निर्दोष येतात. अशा वंध्यत्वाला ‘अकारण’ वंध्यत्व म्हणतात. तरीही भारतीय समाजात मूल न होण्याचा ठपका प्रथम स्त्रीवर ठेवला जातो. मराठीतील ‘वांझ’ हा शब्द केवळ स्त्रीसाठीच शिवीसारखा वापरला गेला. पुरुषासाठी त्या तोडीचा रूढ शब्द नाही. ओटी भरणे, डोहाळजेवण, बारसे अशा प्रसंगी मूल नसलेल्या स्त्रीला मागे ठेवण्याची रीत अनेक घरांत अद्याप आहे. उपचार केंद्रात येणारी स्त्री बहुधा हे सारे सोसूनच आलेली असते, आणि परिचारिकेशी होणारे तिचे पहिले बोलणे या पार्श्वभूमीवर घडते.

## इतिहास

या शाखेच्या इतिहासाची सुरुवात एका परिचारिकेपासूनच होते. जीन पर्डी (१९४५–१९८५) यांनी केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेतले होते. १९६८ मध्ये त्या शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाल्या. पुढील दहा वर्षे केंब्रिज आणि ओल्डहॅम या दोन गावांमध्ये ये-जा करीत त्यांनी एडवर्ड्स व स्त्रीरोगतज्ज्ञ पॅट्रिक स्टेप्टो यांच्याबरोबर काम केले. अंडपेशी ज्या द्रवात वाढवायच्या तो तयार करणे, भ्रूणांवर लक्ष ठेवणे, नोंदी करणे आणि त्याचबरोबर उपचारासाठी आलेल्या स्त्रियांना धीर देणे ही कामे त्या करीत. ज्या भ्रूणातून पुढे लुईस ब्राऊन हिचा जन्म झाला, त्याच्या पेशी विभागताना प्रथम पर्डी यांनीच पाहिल्या.

२५ जुलै १९७८ रोजी ओल्डहॅम येथे लुईसचा जन्म झाला. १९८० मध्ये केंब्रिजजवळ स्थापन झालेल्या बॉर्न हॉल या जगातील पहिल्या आयव्हीएफ केंद्राच्या उभारणीत पर्डी यांचा वाटा होता. त्या वयाच्या ३९व्या वर्षी कर्करोगाने वारल्या. एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ओल्डहॅममध्ये लावलेल्या स्मृतिफलकावर मात्र पर्डी यांचे नाव नव्हते. ते घालावे असा आग्रह एडवर्ड्स यांनी पत्रांतून धरला होता, ही गोष्ट त्यांची कागदपत्रे २०१९ मध्ये अभ्यासकांसाठी खुली झाल्यावर उघडकीस आली. परिचारिकेचे काम दुय्यम मानण्याची सवय किती खोल आहे, याचे हे एक उदाहरण म्हणता येईल.

भारतात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकाता येथे आयव्हीएफद्वारे मुलीचा जन्म झाला. त्यांच्या कामाला त्या काळी मान्यता मिळाली नाही, आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या परळ येथील संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून आणखी एका मुलीचा जन्म झाला. मुखोपाध्याय यांच्या टिपणांचा अभ्यास करून, पहिलेपणाचा मान त्यांचाच आहे असे आनंद कुमार यांनी १९९७ मध्ये स्वतःहून जाहीर केले.

परदेशांत या क्षेत्रातील परिचारिकेच्या भूमिकेला हळूहळू स्वतंत्र ओळख मिळाली. ब्रिटनमधील काही केंद्रांत प्रशिक्षित परिचारिका सोनोग्राफी, गर्भाशयांतर्गत वीर्यरोपण (आययूआय) आणि भ्रूणरोपणही करतात. भारतात ही कामे डॉक्टरच करतात. येथे परिचारिकेचे काम मुख्यतः तयारी, औषधे, शिक्षण, समन्वय आणि आधार या स्वरूपाचे आहे.

## पहिली भेट व तपासण्या

पहिल्या भेटीत इतिहास विचारताना स्त्रीला काही वेळ एकटीला भेटणे आवश्यक मानले जाते. पूर्वीचा गर्भपात, पूर्वीचे लग्न, शरीरसंबंधातील वेदना, घरातील मारहाण या गोष्टी ती नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर सांगेलच असे नाही. तिने सांगितलेली गोष्ट नोंदवहीत कशी लिहायची आणि कोणासमोर उच्चारायची नाही, हेही तिलाच विचारून ठरवावे लागते.

वीर्यतपासणी ही सर्वांत स्वस्त, सोपी व वेदनारहित तपासणी आहे. ती अगदी आरंभी व्हावी, असा संकेत आहे. प्रत्यक्षात अनेकदा स्त्रीची सोनोग्राफी, रक्ततपासण्या, कधी दुर्बिणीची शस्त्रक्रियाही होऊन गेलेली असते आणि पुरुषाची तपासणी मात्र झालेली नसते. या तपासणीआधी २ ते ७ दिवस वीर्यपतन झालेले नसावे, नमुना सांडला असल्यास तसे सांगावे, गेल्या दोन-तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असल्यास त्याचा परिणाम अहवालावर दिसू शकतो, या सूचना परिचारिका देते. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे एका सदोष अहवालावरून निष्कर्ष न काढता तपासणी पुन्हा केली जाते.

स्त्रीच्या तपासण्यांपैकी गर्भनलिकांची क्ष-किरण तपासणी सर्वाधिक भीतीदायक वाटते. मासिक पाळी थांबल्यावर आणि अंडविमोचन होण्यापूर्वी ती केली जाते. पोटात पाळीसारखी कळ येईल, ती थोड्या वेळात ओसरेल, नंतर एक-दोन दिवस किंचित रक्तस्राव होऊ शकेल, हे आधीच सांगितले तर भीती पुष्कळ कमी होते. ‘काही दुखत नाही’ असे खोटे आश्वासन देण्याने पुढच्या प्रत्येक सूचनेवरचा विश्वास उडतो.

एएमएच या रक्ततपासणीविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. अंडाशयात शिल्लक असलेल्या अंडपेशींच्या संख्येचा अंदाज तिच्यावरून येतो. त्यांच्या गुणवत्तेचा येत नाही. हा आकडा कमी आला म्हणजे मूल होणारच नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. औषधांना अंडाशय कितपत प्रतिसाद देतील हे ठरवण्यास तो उपयोगी पडतो.

भारतात जननेंद्रियांचा क्षयरोग हे गर्भनलिका बंद होण्याचे महत्त्वाचे कारण आहे. हा रोग बहुधा लक्षणांविना राहतो. निदान झाल्यावर ‘मला खोकला नाही, मग टीबी कसा?’ हा प्रश्न हमखास येतो. क्षयरोग फुफ्फुसाबाहेरही होतो, औषधे सहा महिने न चुकता घ्यायची असतात, त्यांतील रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते आणि ते रक्त नव्हे, एवढे समजावल्यास उपचार अर्धवट सुटण्याचा धोका घटतो.

## उपचारपूर्व तयारी

गर्भधारणेच्या प्रयत्नापूर्वीपासून दररोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घेण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. बाळाच्या मेंदू व मणक्यांतील जन्मजात दोष त्यामुळे टळू शकतात. मधुमेह असल्यास किंवा आधीच्या बाळात असा दोष असल्यास डॉक्टर मोठी मात्रा देतात. रुबेला प्रतिकारशक्ती नसल्यास लस देऊन एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. थॅलेसेमियाची वाहक तपासणीही याच टप्प्यावर होते.

तंबाखूविषयी विचारताना महाराष्ट्रात केवळ ‘सिगारेट ओढता का?’ एवढे विचारणे पुरेसे नाही. भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावणाऱ्या स्त्रिया ग्रामीण भागात पुष्कळ आहेत. मिश्री हे व्यसन आहे असे त्यांपैकी अनेकींना वाटत नाही, म्हणून त्या ‘नाही’ असेच उत्तर देतात. तंबाखूतील निकोटिन मिश्रीतूनही शरीरात जाते.

बहुपुटी अंडाशयाचा विकार (पीसीओएस) आणि वाढलेले वजन एकत्र असल्यास मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी अंडविमोचन नियमित होण्यास मदत होते. येथे भाषेला महत्त्व आहे. वजनाविषयीचे बोलणे स्त्रीने घरीदारी ऐकलेले असते. तिला दोष न देता, तिच्या रोजच्या ताटातील कोणता बदल तिला जमण्याजोगा आहे यापासून सुरुवात करणे अधिक फलदायी ठरते.

## इंजेक्शनांचे शिक्षण

आयव्हीएफच्या एका आवर्तनात पाळीच्या साधारण दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून अंडाशय उत्तेजित करणारी संप्रेरके सुरू होतात आणि बहुधा ८ ते १२ दिवस चालतात. मध्यावर, अंडपेशी अकाली सुटू नयेत म्हणून सेट्रोरेलिक्ससारखे दुसरे इंजेक्शन जोडले जाते. अंडकोष पुरेसे वाढले की अंडपेशींची अंतिम परिपक्वता घडवणारे शेवटचे इंजेक्शन दिले जाते. त्याला बोलीत ‘ट्रिगर’ म्हणतात. बहुतेक इंजेक्शने त्वचेखाली, पोटावर घ्यायची असतात.

शिकवण्याची पद्धत ठरलेली आहे. परिचारिका आधी स्वतः करून दाखवते, मग स्त्रीकडून करवून घेते, आणि शेवटी तिला सर्व क्रम आपल्या शब्दांत उलट सांगायला लावते. ‘समजले का?’ या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. त्यावर विसंबता येत नाही. नाभीपासून दोन-तीन बोटे जागा सोडणे, रोज बाजू बदलणे, चामडी चिमटीत धरणे, पेनचा खटका दाबल्यावर सुई काही सेकंद तशीच आत ठेवणे, भुकटीचे औषध द्रवात मिसळताना जोरात न हलवणे, हे सर्व हाताने केल्याशिवाय लक्षात राहत नाही. सुईची भीती वाटणाऱ्या स्त्रियांसाठी नवरा, बहीण किंवा गावातील परिचारिका यांपैकी कोणाला शिकवायचे हेही त्या वेळी ठरते.

औषधांच्या साठवणीचा प्रश्न शहराबाहेर अधिक बिकट होतो. यांतील अनेक औषधे २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागतात. ती शीतकपाटात ठेवावीत, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठलेले औषध पुन्हा वितळले तरी निकामी झालेले असते. एसटीने तीन-चार तासांचा प्रवास करून घरी जाणाऱ्या स्त्रीने औषध बर्फाला थेट चिकटू नये अशा रीतीने कापडात गुंडाळून थर्मासमध्ये न्यावे. काही औषधे ठरावीक दिवस साध्या तापमानातही टिकतात, पण हा काळ औषधागणिक वेगळा असतो. वीज जाण्याचे प्रमाण अधिक असलेल्या गावांतील स्त्रीला औषधाच्या पाकिटावरील ही मर्यादा परिचारिकेने स्वतः वाचून, खूण करून द्यावी. वापरलेल्या सुया कचऱ्यात न टाकता जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून केंद्राला परत द्यायच्या असतात.

ट्रिगरची वेळ हा सर्वांत नाजूक भाग होय. अंडपेशी बाहेर काढण्याची क्रिया या इंजेक्शनानंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी केली जाते. गुरुवारी सकाळी ९ वाजता क्रिया असेल, तर इंजेक्शन मंगळवारी रात्री ९ ते ११ या वेळात पडते. लवकर घेतले तर अंडपेशी आधीच सुटून जाऊ शकतात. उशिरा घेतले तर त्या परिपक्व होत नाहीत. ‘बुधवारी रात्री १२ वाजता’ अशी सूचना सर्वाधिक गोंधळ करते, कारण ती मंगळवार-बुधवारच्या मध्यरात्रीची की बुधवार-गुरुवारच्या, हे ऐकणाऱ्यास कळत नाही. म्हणून वार, तारीख आणि ‘रात्री ११:३०’ अशी निःसंदिग्ध वेळ कागदावर लिहून द्यावी आणि इंजेक्शन घेतल्यावर केंद्राला कळवण्यास सांगावे. वेळ चुकली तर ते लपवू नये, हेही आधीच, न रागावता सांगून ठेवणे आवश्यक असते. चूक वेळेत कळली तर क्रियेची वेळ बदलता येते. रागाच्या भीतीने लपवली गेलेली चूक मात्र शस्त्रक्रियेच्या टेबलावरच उघड होते, आणि तोपर्यंत काहीही करण्याजोगे उरलेले नसते.

## अंडपेशी संकलन

ही क्रिया योनिमार्गे सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाने, गुंगीच्या किंवा भुलीच्या औषधाखाली होते. त्याआधी साधारण सहा तास काही खाऊ नये. उपवासाचे दिवस येथे दोन्ही बाजूंनी अडचणीचे ठरतात. हरतालिकेचा निर्जळी उपवास किंवा नवरात्रातील नऊ दिवसांचे उपवास आवर्तनाच्या मधोमध आले तर शरीरातील पाणी कमी होते. ‘उपवासाला चालणारे’ म्हणून सकाळी घेतलेला चहा किंवा दूध भुलीच्या दृष्टीने खाण्यातच जमा होते. उपवास मोडण्यास सांगण्याऐवजी, सुरुवातीलाच दिनदर्शिका पुढे ठेवून आवर्तनाची आखणी करणे बऱ्याच केंद्रांना सोयीचे वाटते.

नाव, जन्मतारीख आणि जोडीदाराचे नाव यांची प्रत्येक टप्प्यावर दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे पडताळणी करणे हा या क्षेत्रातील कडक नियम आहे. अंडपेशी, वीर्य किंवा भ्रूण यांची अदलाबदल ही कधीही दुरुस्त न होणारी चूक असते. एकाच नावाच्या दोन स्त्रिया एका दिवशी असल्यास अधिक दक्षता घ्यावी लागते.

क्रियेनंतर किती अंडपेशी मिळाल्या हा आकडा सांगितला जातो, आणि बहुतेक जोडप्यांच्या मनात तो ‘इतकी बाळे’ या अर्थाने उतरतो. प्रत्येक टप्प्यावर ही संख्या कमी होत जाते. मिळालेल्या सर्व अंडपेशी परिपक्व नसतात. परिपक्व अंडपेशींपैकी सर्वसाधारणपणे सुमारे ७० टक्क्यांचे फलन होते. फलित झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत वाढतात. ही घट अपेक्षितच आहे, तिचा दोष स्त्रीच्या आहाराला किंवा वागण्याला नाही, हे संकलनाच्या आधी सांगितलेले असेल तर नंतरचे दूरध्वनी धक्कादायक वाटत नाहीत.

## अंडाशयाच्या अतिउत्तेजनाची लक्षणे

उत्तेजक औषधांना अंडाशयांनी प्रमाणाबाहेर प्रतिसाद दिल्यास रक्तवाहिन्यांतील द्रव बाहेर झिरपून पोटात साठतो. यास अंडाशय अतिउत्तेजन लक्षणसमूह म्हणतात. तरुण वय, पीसीओएस, वाढलेले एएमएच आणि कमी वजन असलेल्या स्त्रियांत त्याचा धोका अधिक असतो. सौम्य स्वरूपात पोट फुगणे व मळमळ होते. तीव्र स्वरूपात मात्र तो जीवघेणा ठरू शकतो. ट्रिगरसाठी वेगळे औषध वापरणे आणि सर्व भ्रूण गोठवून रोपण पुढील महिन्यावर टाकणे या दोन उपायांनी हा धोका बराच घटला आहे.

या बाबतीत परिचारिकेने दिलेले शिक्षण थेट प्राण वाचवणारे ठरते, कारण लक्षणे स्त्री घरी गेल्यावर दिसू लागतात. रोज सकाळी वजन करणे आणि पोटाचा घेर मोजणे तिला शिकवले जाते. एका दिवसात एक किलोपेक्षा अधिक वजन वाढणे, लघवी कमी होणे, सतत उलट्या, धाप लागणे, छातीत दुखणे, एका पायाला सूज व वेदना येणे यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालयात यावे लागते. पायातील सूज ही रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते. ‘इंजेक्शनांमुळे असे होतेच’ या शेजारणींच्या समजुतीने स्त्रिया थांबून राहतात, म्हणून रात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा तो क्रमांक हाती देऊनच तिला घरी पाठवावे.

## भ्रूणरोपण आणि प्रतीक्षा

रोपण साधारणतः तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी होते आणि त्यास सहसा भूल लागत नाही. पोटावरून सोनोग्राफी करण्यासाठी मूत्राशय भरलेले ठेवण्यास सांगितले जाते. रोपणानंतर रक्ततपासणीपर्यंतचे सुमारे दोन आठवडे हा उपचारातील सर्वांत तणावपूर्ण काळ असतो. याआधी रोज काहीतरी करायचे होते. आता करण्यासारखे काही नसते.

या काळात स्त्रीला अंथरुणात झोपवून ठेवण्याची पद्धत भारतीय घरांत अद्याप प्रबळ आहे. रोपणानंतर अंथरुणात विश्रांती घेतल्याने गर्भधारणेची शक्यता वाढत नाही, असे संशोधनातून दिसून आले आहे, आणि अमेरिकेतील प्रजनन वैद्यक संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत ती न देण्याची शिफारस आहे. भ्रूण शिंकल्याने, जिना चढल्याने किंवा लघवीला गेल्याने बाहेर पडत नाही. गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि भ्रूण त्यांच्यामध्ये असतो. हे केवळ स्त्रीला सांगून भागत नाही. घरात तिच्या हालचालीवर पहारा ठेवणाऱ्यांनाही ते सांगावे लागते, कारण निकाल नकारार्थी आला तर ‘तू ऐकलं नाहीस’ हे वाक्य तिलाच ऐकावे लागते.

मानसिक ताणामुळे उपचार अपयशी ठरतो, ही समजूतही अशीच जाचक आहे. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या, १४ अभ्यासांतील ३,५८३ स्त्रियांच्या एकत्रित विश्लेषणात उपचारापूर्वीचा भावनिक ताण आणि त्या आवर्तनातील गर्भधारणा यांचा संबंध आढळला नाही. ‘टेन्शन घेऊ नकोस म्हणजे होईल’ हा प्रेमाने दिलेला सल्ला, ताण आलाच तर अपराधाची भावना तेवढी वाढवतो. ताणासाठी मदत अवश्य द्यावी, पण ती स्त्रीचे जगणे सुसह्य व्हावे यासाठी. युरोपातील मानवी प्रजनन व भ्रूणशास्त्र संस्थेने २०१५ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी मानसिक-सामाजिक काळजीची स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. तीत अशी काळजी ही केवळ समुपदेशकाची नव्हे, तर रुग्णाशी रोज बोलणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांची जबाबदारी मानली आहे.

या काळातील प्रोजेस्टेरॉनमुळे स्तन दुखणे, पोट फुगणे, झोप येणे अशी लक्षणे दिसतात आणि ती गर्भधारणेच्या लक्षणांसारखीच असतात. त्यावरून काहीही अनुमान काढता येत नाही. थोडा रक्तस्राव दिसला तरी औषध मनाने बंद करू नये. एचसीजीचा ट्रिगर घेतलेला असल्यास घरगुती लघवी तपासणी फार लवकर केली तर त्या इंजेक्शनाचेच अंश दिसून खोटी आशा निर्माण होते.

## निकाल सांगणे

निकाल कोणाला, केव्हा आणि कसा कळवायचा हे रोपणाच्या दिवशीच स्त्रीला विचारून ठेवावे. अनेक केंद्रांत नोंदणीच्या वेळी नवऱ्याचा दूरध्वनी क्रमांक लिहिला जातो आणि सवयीने त्यालाच फोन जातो. आपल्याच शरीरातील निकाल अशा वेळी स्त्रीला सर्वांत शेवटी कळतो. ती कामावर असताना, बसमध्ये असताना किंवा सासरच्या माणसांत बसलेली असताना फोन आल्यास तिला बोलताही येत नाही.

निकाल होकारार्थी असला तरी काळजी संपत नाही. आयव्हीएफनंतरही गर्भ नलिकेत रुजू शकतो. एका बाजूला पोटात तीव्र दुखणे, खांद्यात कळ येणे किंवा चक्कर येणे ही त्याची धोक्याची लक्षणे आहेत, आणि सहाव्या-सातव्या आठवड्यातील सोनोग्राफीपर्यंत ती लक्षात ठेवायची असतात.

नकारार्थी निकालानंतर ‘पुढच्या वेळी नक्की होईल’ असे म्हणणे टाळावे. पाळी केव्हा येईल, ती नेहमीपेक्षा अधिक असू शकेल, औषधे कोणती थांबवायची, डॉक्टरांना पुन्हा केव्हा भेटायचे, एवढे थोडक्यात सांगून काही दिवसांनी स्वतःहून विचारपूस करणे अधिक उपयोगी पडते. उपचार थांबवण्याचा निर्णय घेणाऱ्या जोडप्यांशी केंद्राचा संपर्क बहुधा तुटतो, आणि ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज असते तेच नोंदवहीबाहेर जातात.

## यशाचे प्रमाण समजावणे

जाहिरातींतील टक्केवारीचा अर्थ लावण्यास मदत करणे हे रुग्णशिक्षणाचे महत्त्वाचे अंग आहे. टक्केवारी सुरू केलेल्या आवर्तनांमागे काढली आहे की झालेल्या रोपणांमागे, आणि ‘यश’ म्हणजे रक्ततपासणी होकारार्थी येणे की जिवंत बाळाचा जन्म, हे दोन प्रश्न विचारल्यास तोच आकडा पुष्कळ बदलतो. स्वतःच्या अंडपेशी वापरताना स्त्रीच्या ३५व्या वर्षानंतर यशाचे प्रमाण घटते आणि चाळिशीनंतर ते वेगाने खाली येते. दात्या स्त्रीच्या अंडपेशी वापरल्यास मात्र दात्रीचे वय महत्त्वाचे ठरते. दागिने गहाण ठेवून किंवा जमीन विकून उपचार घेणाऱ्या कुटुंबाला ही माहिती खर्चाच्या आधी मिळणे हा त्यांचा हक्कच आहे.

## कायदा व संमती

भारतात सहायक जननक्षम तंत्रज्ञान (विनियमन) अधिनियम, २०२१ हा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार हे उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ पेक्षा अधिक व ५० पेक्षा कमी आणि पुरुषाचे २१ पेक्षा अधिक व ५५ पेक्षा कमी असावे लागते. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीलाही उपचार घेता येतात. अंडपेशी देणारी स्त्री २३ ते ३५ वयोगटातील असावी, तिने आयुष्यात एकदाच दान करावे आणि तिच्याकडून सातपेक्षा अधिक अंडपेशी घेऊ नयेत, असे बंधन आहे. भ्रूण कमाल दहा वर्षे साठवता येतात. गर्भलिंग निवडीस मनाई आहे.

उपचारांचे परिणाम, यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम आणि जुळ्या-तिळ्या गर्भधारणेचे धोके यांविषयी समुपदेशन करणे कायद्याने केंद्रावर बंधनकारक आहे. लेखी संमतीशिवाय उपचार करता येत नाहीत, आणि भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वी केव्हाही संमती मागे घेता येते. संमतीपत्रे बहुधा इंग्रजीत व दीर्घ असतात. सही घेण्याचे काम परिचारिकेकडे येते, आणि वेळेअभावी ‘येथे सही करा’ एवढ्यावर ते संपते. आदल्या भेटीत प्रत घरी देऊन, दुसऱ्या दिवशी मराठीतून प्रश्न विचारून सही घेणे ही त्याहून योग्य पद्धत होय.

गोपनीयतेचा प्रश्न रोज उभा राहतो. नवऱ्याच्या वीर्यात शुक्राणू नाहीत हे जोडप्याला माहीत असते, सासूला नसते; आणि प्रतीक्षाकक्षात ती ‘सिस्टर’ला बाजूला घेऊन ‘दोष कोणात आहे?’ असे विचारते. अशा वेळी परिचारिकेने उत्तर देणे हा गोपनीयतेचा भंग ठरतो. आणि मौनाचा अर्थ सुनेतील दोष असा लावला जातो. ‘आम्ही कोणत्याही जोडप्याची माहिती तिसऱ्या माणसाला देत नाही’ असे सर्वांना सारखेच, आरंभीच सांगण्याची प्रथा असेल तर या कोंडीतून वाट निघते.

## सार्वजनिक रुग्णालये

महाराष्ट्रात भारतातील आयव्हीएफचा एक महत्त्वाचा टप्पा केईएमसारख्या महापालिका रुग्णालयात घडला असला, तरी पुढील विस्तार मुख्यतः खासगी केंद्रांतून झाला आणि खर्च बहुधा कुटुंबालाच करावा लागतो. गोव्यात बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये ही सेवा मोफत सुरू करण्यात आली. सरकारी रुग्णालयांत औषधांचा खर्च वाचला तरी वारंवारच्या सोनोग्राफीसाठीचा प्रवास आणि बुडणारी मजुरी राहतेच. त्यामुळे कोणत्या तपासण्या तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकतात आणि कोणत्या दिवशी प्रत्यक्ष यावेच लागते, याचे वेळापत्रक पहिल्याच दिवशी आखून देणे हे तेथील परिचारिकेच्या कामाचा भाग ठरते.